नदीकाठी फक्त मराठी

रिसॉर्टच्या मंडलबाबूंनी केबिनची किल्ली दिली तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी गीझर लावून पाहिला. मग बाथरूमची फरशी निसरडी आहे का, आईच्या पलंगाची उंची किती, पलंगापासून बाथरूमपर्यंत पावलं किती. अकरा. मोबाइलमधल्या यादीवर एकेक खूण करत मी पुढे जात होते. शेवटची नोंद होती, ‘नदीकडची खिडकी उघडते का’. उघडली. आणि जो वास आत आला त्याने मला तिथेच धरून ठेवलं. ओला ताग, गाळ, आणि लांबच्या वीटभट्टीचा धूर. चाळीस वर्षांहून जास्त काळ हा वास मी घेतला नव्हता, तरी त्यातलं काय किती हे मला सांगता आलं असतं.

बजबजच्याही पुढे, जिथे तागाच्या गिरण्या आणि तेलाच्या टाक्या मागे पडतात आणि हुगळी अचानक रुंद होते, तिथे ही जागा आहे. आता इथे आठ केबिन आहेत, प्रत्येकीला फुलाचं नाव, अंगणात झोपाळा आणि फोटो काढायला रंगवलेली होडी. आम्ही यायचो तेव्हा विटांच्या पायांवर उभ्या असलेल्या चार लाकडी खोल्या होत्या. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते, नदीची खोली मोजणाऱ्या. त्या खात्याचं हे विश्रामगृह. जानेवारीत कोणी साहेब येणार नसेल तर कर्मचाऱ्यांना दोन दिवस मिळायचं. बाबा दिवाळी झाली की अर्ज टाकत.

सामानाची यादी वाचायचं काम माझ्याकडे होतं. आई एकेक वस्तू होल्डॉलमध्ये टाकायची आणि मी मोठ्याने म्हणायचे: स्टोव्ह, पिन, रॉकेलची बाटली, चार माकडटोप्या. डांबरगोळ्यांच्या वासाच्या रजया. पिठल्यासाठी डाळीचं पीठ, कारण बाबांच्या मते नदीकाठी पिठलंच खावं. मग लोकल गाडी. खिडकीतून मोहरीची पिवळी शेतं, खजुराच्या झाडांच्या गळ्यात बांधलेली मडकी, आणि बजबज स्टेशनात उतरलं की नाकात भरणारा तेलाचा वास. पुढे खात्याची जीप. जीपच्या मागच्या बाकावर मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून, मधे स्टोव्ह.

तिथल्या सकाळी धुक्याच्या असत. नदी दिसायची नाही, फक्त ऐकू यायची. आधी पलीकडच्या गिरणीचा भोंगा, मग धुक्यातून जाणाऱ्या एखाद्या जहाजाचा, जास्त जाड. रात्रभर गोठलेली खोबरेल तेलाची बाटली आई पायरीवर उन्हात ठेवायची आणि आम्ही ती वितळताना बघत बसायचो. आधी कडेकडेने, मग मधला पांढरा गोळा सुटा होऊन तेलात तरंगायला लागायचा. तो पूर्ण विरघळला की आंघोळी. गावातली बाई नव्या खजुरी गुळाची ढेप आणून द्यायची, शेणीच्या धुरासारखा वास असलेली. तो गूळ आणि गरम पोळी. आजही कोलकात्यात थंडी पडली की मी तो गूळ आणते, आणि दरवर्षी वाटतं की याच्यात धूर कमी आहे.

आमच्याबरोबर फोर्ट विल्यममधलं देशमुख कुटुंब यायचं. काका सैन्यात, तीन वर्षांसाठी बदलून आलेले. त्यांची मुलं पुण्याहून आल्यामुळे अस्खलित मराठी बोलायची. आम्ही दोघं इथलेच. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली, रिक्षावाल्याशी हिंदी. मला निदान चारही खण वेगळे ठेवता यायचे. नंदूचं सगळं एकाच ट्रंकेत. बाबा म्हणायचे, “या पोराची मराठी म्हणजे रसगुल्ल्यावर लसणीचं तिखट.” सगळे हसायचे. नंदूही हसायचा, कारण त्याला दोन्ही आवडायचं.

म्हणून बाबांनी नियम केला. नदीकाठी दोन दिवस फक्त मराठी. जो दुसरा शब्द बोलेल त्याने चुकीमागे एक ताट घासायचं. आणि ज्याच्या चुका सर्वात कमी, त्याला देशमुख काकांकडून बक्षीस.

वही माझ्याकडे आली. मी अकरा वर्षांची होते, नंदू सात. मी रेघा मारून रकाने केले, वर नावं लिहिली आणि पेन्सिलीला टोक केलं. मला आठवतं, त्या दिवशी मी फार सुखी होते.

पहिल्या वर्षी नंदूने दोन दिवसांत सतरा ताटं घासली. राखेने, नळाखाली, बर्फासारख्या पाण्यात. मला तो ‘दिदी’ म्हणायचा, तीच एक चूक. मी म्हणायचे, “ताई म्हण.” तो म्हणायचा, “ताई, दिदी, ओइ जे देख, नौका!” आणि मी तीन रेघा मारायचे. दुसऱ्या वर्षीही तेच. देशमुखांची मुलं त्याच्यामागे फिरायची, हातात काहीतरी धरून विचारायची, “नंदू, हे काय?” म्हणजे तो चुकेल. ताटं घासताना त्याची बोटं लाल व्हायची. आई नळापाशी जाऊन उभी राहायची, पण मदत करायची नाही, नियम होता.

तिसऱ्या वर्षी नंदू काहीच बोलला नाही.

जीपमधून उतरल्यापासून परत जीपमध्ये बसेपर्यंत. काही हवं असलं की बोट दाखवायचा. जेवताना ताट पुढे करायचा. देशमुख काकू म्हणाल्या, घसा धरला असेल, आणि त्याला हळदीचं दूध दिलं. ते तो मुकाट्याने प्यायला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळी मुलं घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. भरतीचं पाणी चढत होतं, आणि अगदी जवळ एक शुशुक वर आला, नदीतला डॉल्फिन, लांब चोचीचा, राखाडी, ओला. फूस करून श्वास सोडला आणि पाठ वळवून परत आत गेला. आम्ही सगळे ओरडलो. मी शेजारी पाहिलं. नंदूचं तोंड उघडलं होतं, आणि त्यावर त्याने स्वतःचा हात घट्ट दाबून धरला होता. डोळे नदीवर.

मी ते पाहिलं आणि वहीकडे बघितलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी काकांनी निकाल मागितला. मी वाचून दाखवला. नंदू: शून्य. काका म्हणाले, “शाब्बास पठ्ठे! सुधारला की रे!” आणि त्याला सैन्यातली तीन सेलची बॅटरी दिली, जिच्यावर देशमुखांच्या दोन्ही मुलांचा डोळा होता. टाळ्या वाजल्या. बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मीही टाळ्या वाजवल्या. नंदूने ती बॅटरी दोन्ही हातांनी घेतली, लावून पाहिली नाही.

पुढे जानेवारी आले, पण आमचं इथे येणं थांबलं. देशमुखांची बदली झाली, बाबांचं खातं बदललं. नियम मात्र आमच्याबरोबर घरी आला. बाबा समोर असले की नंदू मराठीत बोलायचा नाही आणि दुसऱ्या कशातही नाही. फक्त स्वयंपाकघरात बोलायचा. दुपारी शाळेतून आला की पिठाच्या डब्यावर बसायचा, आणि आई पोळ्या लाटता लाटता त्याच्याशी बंगालीत बोलायची. आईची बंगाली बाजारात शिकलेली, भाजीवाल्यांशी भांडून कमावलेली, मराठी हेलात चालणारी, पण भरभर. दोघं काय काय बोलायचे! शाळेतलं, गल्लीतलं, कोणाच्या छतावर कोणाचा पतंग. जिन्यात बाबांच्या वहाणा वाजल्या की दोघंही गप्प. मग फक्त लाटण्याचा आवाज.

एकदा मी दारात उभी राहून ऐकत होते. आईने माझ्या हातातली वही पाहिली.

“माझंही नाव घातलंस का त्यात?”

मी मान हलवली. घातलं होतं.

“बरं केलंस,” आई म्हणाली. “ताटं तशीही मीच घासते.”

आणि पुन्हा त्याच्याकडे वळून तिने बंगालीत विचारलं, मग? पुढे काय झालं?

बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. नंदू बेंगळुरूला असतो. दर रविवारी त्याचा आईला फोन यायचा, आणि आई गॅलरीत खुर्ची टाकून अर्धा तास बंगालीत बोलायची. मी आत कपड्यांच्या घड्या घालत ऐकायचे. पण गेल्या पावसाळ्यात आई आजारी पडली, आठवडाभर रुग्णालयात होती, आणि घरी आली ती फक्त मराठी घेऊन. हिंदी गेली. बंगाली गेली. पन्नास वर्षं जिच्याशी हुज्जत घातली त्या भाजीवालीकडे ती नुसती बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं कधी कधी, नंतर शिकलेलं आधी जातं. काही परत येईल, काही नाही.

रविवारचा फोन मग दोन मिनिटांवर आला. नंदू काहीतरी म्हणायचा, आई म्हणायची, “हं, हं,” आणि फोन माझ्याकडे द्यायची. त्या दोघांना एक भाषा होती आणि ती आता राहिली नव्हती.

मी नेहमी कामं उरकते तसं हेही केलं. नंदूची सुट्टी विचारली, तिकीट काढायला लावलं, ही केबिन शोधली, दोन रात्री, चढण नाही, डॉक्टर वीस मिनिटांवर. आणि गाडीत आईच्या आणि त्याच्या मधे बसले.

बजबजचा रस्ता पूर्वीइतकाच खडबडीत आहे. एस्प्लनेडपासूनच आई खिडकीबाहेर बघत होती. नंदू तिच्याकडे वाकून म्हणाला, “ठांडा लागछे?”

“हा काय म्हणतोय?” आईने मला विचारलं.

“म्हणतोय, थंडी वाजत असेल तर काच वर करू का, आणि शाल नीट घे म्हणतोय, आणि इतक्या दिवसांनी तुझ्याबरोबर प्रवास करतोय म्हणून बरं वाटतंय त्याला.”

“अगंबाई,” आई खूश झाली. “आणि मीरा का नाही आली, विचार.”

मी त्याला बायकोबद्दल विचारलं. नंदू समोर बघून एक शब्द म्हणाला: “काज.”

“मीराला ऑफिसचं फार काम आहे,” मी आईला सांगितलं. “यायची खूप इच्छा होती तिची. तुला नमस्कार सांगितलाय.”

नंदूने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्याला माझं कौतुक वाटतंय.

पहिला दिवस असाच गेला. माझ्या मते चांगला. मी सगळं पोचवत होते, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, काही पडू न देता. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाली होती, डुलकी लागली होती, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात बसलो होतो. धुकं कधीच उडून गेलं होतं. नदी पूर्ण दिसत होती, तपकिरी, भरतीमुळे उलट्या दिशेने चालणारी. हे वाक्य मी किती वर्षं मनात तयार करत होते, ते आज म्हणायचं असं मी कालच ठरवलं होतं.

“नंदू, त्या वर्षी तू इथे दोन दिवस बोलला नव्हतास. ते माझ्यामुळे. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि मी वहीत शून्य लिहिलं. माझं चुकलं.”

आम्ही दोघं आपसात बोलतो ती तीन भाषांची खिचडी असते. त्याच्या तोंडचं मी इथे मराठीत लिहिते आहे.

तो हसला. “तू तेरा वर्षांची होतीस, ताई. मला राग त्याचा नाही.”

“मग कशाचा आहे?”

“मी आईला तीन शब्द बोलतो, तू तिला तीस देतेस. ती मला तीस बोलते, तू मला तीन देतेस. काल ती गाडीत पाच मिनिटं बोलत होती आणि तू मला म्हणालीस, तिला भूक लागली आहे.”

“लागलीच होती भूक!”

“असेल. पण पाच मिनिटं?”

मला राग आला. खरंच आला. “मग मी काय करू? तुम्हाला एकमेकांचं कळत नाही. मी नसते तर दोघं भिंतीकडे बघत बसाल.”

“बसू दे ना,” तो म्हणाला. “तू फिरून ये. तासभर.”

“तिची गोळी आहे. कोमट पाणी लागतं. आणि उठली की तिला थोडा वेळ कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा लगेच...”

“ताई. जा.”

मी गेले. चपला घातल्या, शाल घेतली, बाहेर पडले. आमच्या वेळच्या घाटाच्या पायऱ्यांपैकी चार उरल्या आहेत. बाकीचा भाग नव्या सिमेंटचा. पलीकडून होडी येत होती, सायकली आणि शेळ्या घेऊन. चहाच्या टपरीवरच्या बाईने मातीच्या भांड्यात चहा दिला आणि विचारलं, एकट्याच आलात? मी म्हटलं, नाही, आई आहे, भाऊ आहे. ती म्हणाली, मग इथे काय करताय? मी आणखी एक चहा घेतला.

नदीवर उन्हाचे तुकडे पडले होते. गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, पण मी तिच्या भोंग्याची वाट पाहत होते. मला सारखं दिसत होतं की आई जागी झाली आहे, नंदूकडे बघते आहे, तो काहीतरी बंगालीत म्हणतो आहे, ती “हं, हं” म्हणते आहे, आणि दोघांच्या मधे ती पूर्वीची दुपार पसरत चालली आहे, लाटण्याच्या आवाजाशिवायची. तास पुरा व्हायच्या आधीच मी उठले.

केबिनच्या पायरीवर पोचले आणि आतून नंदूचा आवाज आला. मी हात कडीवर ठेवला आणि थांबले. तो मराठी बोलत होता.

ती मराठी नऊ वर्षांच्या मुलाची होती. तिथेच थांबलेली, पन्नास वर्षांच्या माणसाच्या जाड आवाजात.

“आई, मीरा घर सोडली. एक वर्ष झाला. काम नाही. गेली ती.”

माझ्या मनात ते वाक्य नीट जुळवून तयार झालं होतं, आईला झेपेल असं, मऊ करून. कडी फिरवली असती तर मी ते म्हटलं असतं.

“गेली?” आई म्हणाली.

“हां. गेली.”

“वर्ष झालं?”

“वर्ष.”

पलंग करकरला. आई उठून बसत असावी.

“मग स्वयंपाक कोण करतं तुझा?”

“मी करते.”

“काय करतोस?”

“भात. डाळ. अंडी. डाळीची फोडणी जळून जाते.”

“रोज?”

“रोज.”

आई हसली. आजारपणानंतर तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं, खालून वर येणारं. “अरे, तेल इतकं तापवतोस कशाला? मोहरी टाकली, तडतडली, की लगेच बाकीचं.”

“मोहरी म्हणजे सर्षे?”

“तीच,” आई म्हणाली, जराही न अडखळता. मग तिचा आवाज खाली आला. “ती गेली तेव्हा कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“ताईला?”

“नाही.”

“वर्षभर कोणालाच नाही?”

पलंग पुन्हा करकरला; नंदू तिच्याजवळ बसला असावा.

“मग आता सांग,” ती म्हणाली. “कसंही सांग. कळेल मला.”

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य अर्धं मराठी, अर्धं बंगाली, मधेच तुटलेलं. आईने घाई केली नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. माझ्या भावाच्या घरात वर्षभर काय चाललं होतं, कधी, कशामुळे, तो कसा राहिला, सगळं मला हवं होतं, क्रमाने. तो माझ्यापासून एका दाराइतका लांब होता आणि बोलत होता.

मी कडीवरचा हात काढला. चपला हातात घेतल्या, पायरीचा आवाज होऊ नये म्हणून, आणि अनवाणी, गार मातीवरून, परत घाटाकडे चालू लागले.